शाई लावलेले ससे

"हा झाला," म्हणत डॉक्टरांनी लस टोचलेला ससा पुढे केला आणि निवृत्त शिक्षक कोलते गुरुजींनी त्याच्या कानाला निळी शाई लावली. सशांमध्ये विषाणूची साथ पसरली होती आणि गुरुजींचे पाचही ससे सारखेच पांढरेशुभ्र. टोचलेला कोण, राहिलेला कोण हे कळावं, म्हणून त्यांनी तीस वर्षांच्या निवडणूक ड्यूटीतली युक्ती काढली होती.

चौथा ससाही परत त्याच टोपलीत गेला. डॉक्टरांनी पाचवी सुई भरून आत पाहिलं, तर पाचही जण निळे. दाटीत अंगाला अंग घासून ओली शाई सगळ्यांना लागली होती.

"माझ्या बूथवर असं कधी झालं नाही हो," गुरुजी ओशाळून म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून कोथिंबीर काढून डॉक्टरांच्या हातात दिली. "तुम्हीच धरा."

डॉक्टरांनी हात पुढे करताच चार ससे पाठ फिरवून टोपलीच्या पलीकडच्या कडेला दडले. एक मात्र टुणकन पुढे आला आणि निवांत खाऊ लागला.

"याचं मत द्यायचं राहिलंय," गुरुजी म्हणाले. "याचाच अजून उमेदवारावर विश्वास आहे."