दुखरा गुडघा

निवृत्त झाल्या तरी शाळेच्या खेळाच्या बाईंचे गुडघे अजून ठणठणीत होते. पण एवढ्या मोठ्या विमानतळावर विमान बदलताना आपण हरवणार, या धास्तीने त्यांनी लेकीचं ऐकलं. "आई, तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय. ढकलणारा माणूस तुला थेट दुसऱ्या विमानाच्या दारात सोडेल. तू फक्त गुडघा धरून बस, आणि काही झालं तरी चालून दाखवू नकोस!"

नेमकं पहिलंच विमान उशिरा उतरलं. दुसरं सुटायची वेळ झाली, तरी व्हीलचेअरचा पत्ता नाही. बाई बाकावर बसून शहाण्यासारख्या कण्हत राहिल्या. शेवटी धीर सुटला. "खड्ड्यात गेला तो गुडघा!" म्हणत त्यांनी पिशवी काखोटीला मारली, पदर खोचला आणि धूम ठोकली. दिसेल त्याला वाट विचारत, सुटाबुटातल्या तरुणांना मागे टाकत त्या पोचल्या, तर दार चक्क उघडं!

"सुटले बाई! मला वाटलं, विमान गेलं."

"कधीच गेलं असतं हो," दारावरची मुलगी म्हणाली, "पण एका आजींना पाऊलही टाकता येत नाही म्हणे. त्यांची व्हीलचेअर येईपर्यंत थांबवलंय."



बाईंनी पुढे केलेला बोर्डिंग पास हळूच मागे घेतला आणि भिंतीला धरून, लंगडत लंगडत, त्या व्हीलचेअर शोधायला आल्या वाटेने परत निघाल्या.