कमरेपर्यंत दगड

नीलिमानं भिंतीला हात लावला आणि तिचं पेन फॉर्मवरच अडलं. घरकुलाच्या तपासणीला ती सकाळीच वाशीमहून आली होती. मेडशीतलं आजचं हे चौदावं घर. आधीच्या तेरा घरांच्या भिंती बोट लावलं तरी झडत होत्या. त्यांच्यापुढं ‘कच्ची’ लिहायला डोकं लागलं नव्हतं. पाय तर अकराव्या घरापासूनच संपावर होते. आणि आता ही भिंत! कमरेपर्यंत काळा दगड, असा बसवलेला की सांध्यात सुई जाऊ नये. त्याच्यावर विटा.

विटा मातीत रचलेल्या, जरा वाकड्यातिकड्याच होत्या. पण दगडापुढं त्यांच्याकडे बघतो कोण? ‘पक्की’ लिहिलं की घरमालकीण दुर्गाबाईंचं घरकुल गेलं. याच भिंतीपायी त्यांचं नाव आधी दोनदा कापलं गेलं होतं.

“आजी, नव्या घरासाठी इतकी चांगली भिंत काहून पाडता?”

दुर्गाबाई ओट्यावर बसून होत्या. कोपरापर्यंत लिंपणाची माती सुकलेली. ती धुवायलाही त्यांच्यानं उठवत नव्हतं.

“दर साली इटाच्या फटी लिंपा लागते. पानी आलं का माती वाहून जाते. आता हात वर जात नाही, माय. तुमी लोक येता, भिंतीले हात लावता, चांगली हाय म्हन्ता अन् चालले जाता.”

नीलिमाला वाईट वाटलं. पण कॉलेजात शिकलेलं गप्प बसू देईना. “खाली दगड, म्हणजे ओल चढत नाही. वर विटा, म्हणजे भार कमी. मोठ्या जाणत्या मिस्त्रीचं काम आहे हे!”

म्हातारी हसली. तेवढ्यानंही तिला दम लागला.

“मिस्त्री कोनचा? आमच्या विकासचे बाबा दगड घडवाचे. एकेक दगड खदानीतून आनून त्यायनं बसवला. भिंत कमरेपावतर आली अन् ते गेले. विकास तवा कडेवर होता. दगड काही माह्याच्यानं उचलल्या जात नव्हता. म्हून वर इटा लावल्या, जमल्या तशा.”

नीलिमानं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. आता तिला दगड संपतो ती रेघ तेवढी दिसत होती. अशी भिंत पाडायला आपण सही करायची? तिनं पेनाला टोपण घातलं.

“आजी, मग तर ही जपायलाच पाहिजे. त्यांचं काम आहे हे.”

दुर्गाबाईंनी तिच्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि पेन परत तिच्या हातात दिलं.

“त्यायचं काम पक्कं हाय, मॅडम, मले मालूम हाय. माहं कच्चं हाय. चाळीस वर्सं झाले, मीच लिंपून राह्यली. आता तुमी माहं लिहा.”