ऋजुताची बांगडी

पाळणा लांबवायच्या गोळ्या सोडून सहा महिने झाले, तरी ऋजुताची बांगडी राखाडीच होती. बाकीच्या बायकांची बांगडी रोज सकाळी सहाला अंगाची उष्णता मोजायची आणि गर्भ राहायचे दिवस आले की आपोआप हिरवी व्हायची. ऋजुता रोज थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायची आणि म्हणायची, "माझं चक्र सुरळीत झालंय."

"मग बांगडी खोटं बोलते होय?" सासूबाई म्हणायच्या.

आज सकाळी नवरा सौमित्र झोपलेला असताना, कणीक मळताना तिने नेहमीसारखी बांगडी काढून फळीवर ठेवली. सहा वाजले आणि बांगडी बोलली, "आजची मोजणी पूर्ण."

"अगं बाई! ही रोज फळीचीच उष्णता मोजतेय!" ऋजुता ओरडली.

तिने पिठाच्या हातानेच बांगडी चढवून पुन्हा मोजणी लावली. बांगडी हिरवीगार झाली.

सासूबाईंनी वही उघडली. आजच्या तारखेवर ऋजुताने आठवड्यापूर्वीच गर्भ राहायचा दिवस म्हणून लावलेली टिकली होती. ऋजुताची मान ताठ झाली.

"हुशार गं माझी सून! पोळ्या मी लाटते. सौमित्रला उठव."