सूनबाईची वेणी

सूनबाईची खोड काही जाईना. काठी चेंडूला लागायच्या आत मान वर, चेंडू कुठं गेला ते बघायला. मग तो जायचा झुडपात. दोन वर्षं गोल्फ खेळून बक्षीस एकही नाही. यंदाही नाही मिळालं तर खेळ सोडते, म्हणाली.

ती खेळते त्याच मैदानावर वीस वर्षं गवत खुरपलंय मी. चांगला खेळणारा मारून झाल्यावरही खाली बघतो, एवढं तर मला कळतं. तिची लांब वेणी पुढं घेतली आणि शेंडा कमरेच्या पट्ट्यात खोचला. "कर आता मान वर."

"आत्या, दुखतंय."

"दुखू दे."

महिनाभर अंगणात तसाच सराव चालला.

आज स्पर्धेचा शेवटचा फटका, गेला तर पहिला नंबर. वेणी आज पट्ट्यात खोचलेली नव्हती, पाठीवर मोकळी होती. चेंडू घरंगळत गेला आणि भोकात पडला. टाळ्या कडाडल्या, पहिलं बक्षीस आमचं. ही मात्र अजून गवताकडंच बघतेय.

मी दोरीपलीकडून ओरडले, "अगं बये, आता बघ वर. जिंकलीस तू. आणि शिकवलंय मी, हेही सांग सगळ्यांना."