चार बोटं

ओगराळं पातेल्यावर येऊन थांबलं. रांगेत पुढे एक काडीसारखा मुलगा वाटी धरून उभा होता. वय अडीच, अंगावर मांस म्हणून नाही. मागे त्याची आजी होती. तिनं वर पाहिलं, वाढणारीला ओळखलं, आणि पदर सावरायच्या निमित्तानं मान खाली घातली.

बालवाडीची स्वयंपाकीण स्टुलावर उभी होती. स्टुलाशिवाय तिला पातेल्याचा तळ दिसत नसे. तीस वर्षांपूर्वी याच खोलीत ती स्वतः वाटी घेऊन उभी राहायची आणि ही आजी तेव्हा वाढायला असायची. सगळे या आजीला तेव्हा बाई म्हणत.

कढणात डाळ, अंडं, भाजीच्या फोडी तळाशी बसतात. वर राहतं ते पिवळं पाणी. ओगराळं तळापर्यंत घातलं तर वाटीत जेवण येतं, वरच्यावर फिरवलं तर नुसती ओल. बाई वरच्यावर फिरवायच्या. तळातलं सगळं झाकणाच्या डब्यातून त्यांच्या मुलासाठी घरी जायचं. लहानग्या स्वयंपाकिणीच्या घरी दुपारी चूल पेटत नसे, म्हणून एकदा तिनं आणखी मागितलं. "बुटके, आहे ते गिळ आधी," बाई म्हणाल्या. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. उंचीनंही पुढे त्या नावाचा मान राखला.

आणि बाईंचा मुलगा? आज सकाळी आपल्या या काडीसारख्या पोराला सोडायला आला, तेव्हा दारातून वाकून आत शिरला होता.

"वरचं घाल," भांडी घासणारी मदतनीस कानाशी कुजबुजली. "फेड एकदाची."

स्वयंपाकिणीनं ओगराळं तळापर्यंत नेलं, ढवळलं आणि मुलाची वाटी काठोकाठ भरली. मदतनिसेनं कपाळाला हात लावला.

मग हे रोजचंच झालं. त्याला दोनदा वाढायचं, आपल्या वाटणीचं अंडंही कुस्करून त्याच्या वाटीत टाकायचं, तो खेळायला पळाला तर वाटी घेऊन मागे जायचं. दीड वर्षात पोरगं असं भरलं, की त्याच्या चपला दोनदा बदलाव्या लागल्या. बिचारीनं सगळं पोटात घातलं, असं लोक म्हणू लागले. मदतनीस मात्र महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही. आजीला आता मान खाली घालावी लागत नव्हती. तीच चारचौघांत सांगत असे, तिचं मन फार मोठं आहे हो.

मुलगा चार वर्षांचा झाला त्या आठवड्यात नर्सबाई मापं घ्यायला आल्या. या बालवाडीत उंची स्वयंपाकघराच्या लाकडी चौकटीवरच मोजतात आणि सुरीनं खाच पाडतात. ही पद्धत फार जुनी. नर्सबाईंनी मुलाच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, खाच पाडली आणि समाधानानं म्हणाल्या, की प्रथिनं, लोह, जस्त, सगळं वेळेवर पोटात गेलंय. या वयात चुकलं तर पुढे भरून काढणं फार अवघड असतं.

आजीनं नातवाच्या गालावरून हात फिरवला.

स्वयंपाकीण स्टुलावरून उतरली. हात पुसले. "बाई, जरा इकडे या," ती आजीला म्हणाली आणि ताज्या खाचेच्या खाली बोट ठेवलं. तिथे आणखी एक खाच होती, धुरानं काळी पडलेली. शेजारी खिळ्यानं कोरलं होतं: बुटकी, चार वर्षं. दोन्हींच्या मध्ये चार बोटं बसत होती.

आजीनं आपली चार बोटं दोन खाचांच्या मध्ये धरून पाहिली. "मला वाटलं, तू मला माफ केलंस," ती हळूच म्हणाली.

"नाही बाई. पोटभर मिळालं असतं तर मी कुठवर गेले असते, ते तुम्हाला रोज तुमच्या घरात दिसावं, म्हणून जेवू घातलं त्याला."