टँकर येऊन गेल्यावर

"शिवगंगे, टँकर आला!" सासूबाईंची हाळी आली तशी शिवगंगा लंडनची मीटिंग अर्धवट सोडून घागर घेऊन पळाली. औषधोपचारांवरच्या संशोधनाचे आढावे तपासून प्रसिद्ध करायचं काम ती लातुरातल्या घरूनच सांभाळायची.

परतली तेव्हा लॅपटॉपवर मुख्य संपादक तापलेले. "जुलाबावरचा आढावा आज छापायचाय, आणि तुम्ही गायब?"

तिनं लॅपटॉप उचलून खिडकीबाहेर धरला. गल्लीभर घागरींची रांग होती. "सर, आढावा सांगतो, हात वाहत्या पाण्याखाली धुवा. ज्यांचा नळच कोरडा, त्यांनी काय करायचं? ते लिहिल्याशिवाय मी छापू देणार नाही."

पुढच्या मीटिंगला आढावा दुरुस्त होऊन आला. पण पडद्यावर पाच देशांतले डॉक्टर मीटिंग सुरू न करता नुसते बसून होते. "आधी टँकर येऊन जाऊ द्या," संपादकांनीच सांगितलं होतं.

सासूबाई दारातून डोकावल्या. "झालं बाई पानी भरून. सांग तुज्या सायबाला, करा म्हनाव सुरू."