हिल्माचा नळ गोठला

आर्नी पाठीवर सरपटत हिल्माच्या कॅम्परखाली शिरला, तेव्हा हाताला बोटं आहेत की नाहीत हे त्याला बघूनच ठरवावं लागलं. बाहेर उणे एकतीस. आत शिरायला त्यानं वारा अडवायला गाडीभोवती रचलेल्या पेंढ्याचा एक गठ्ठा बाजूला सारला होता, आणि तेवढ्या फटीतून वाराही त्याच्यामागोमाग आला होता.

"आलं का पाणी?" त्यानं खालून ओरडून विचारलं.

"नाही," हिल्मा वरून म्हणाली. शेजारच्याच घरची चौकशी चालल्यासारखी.

नॉर्थ डकोटातल्या त्या तळावर भर हिवाळ्यात आपापल्या चाकांवरच्या घरात राहणारे आता हे दोघे शेजारीच. शहाणी मंडळी ऑक्टोबरातच आपापली घरं ओढत दक्षिणेला पळाली होती. हिल्मा आणि तिचा नवरा गस यांनी मात्र इथं अकरा हिवाळे काढले. सप्टेंबरात गस गेला. मुलगी करीन म्हणाली, आई, तू आता फिनिक्सला आमच्याकडे ये. त्यावर हिल्मानं सगळ्या तळासमोर ठणकावलं होतं, "माझा नळ वाहतोय तोवर मी इथून हलायची नाही." करीनही तिचीच लेक. तिनं तोच शब्द धरून ठेवला. ज्या दिवशी नळ गोठेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आईला न्यायला येणार होती. रोज सकाळी दहाला फोन करून ती पहिला प्रश्न नळाचाच विचारायची.

म्हणून आर्नी रोज उठला की आधी हिल्माच्या नळाची विचारपूस करी, मग स्वतःच्या. ती गेली की या पांढऱ्या माळावर त्याला बोलायला माणूस उरणार नव्हतं. त्याची त्याला भीती वाटायची. पण सत्तरी ओलांडलेल्या गड्यानं असली भीती सांगायची कुणाला?

आज नळाला टिपूस नव्हता. नऊ वाजले होते. आर्नी हिल्माचाच केस वाळवायचा ड्रायर घेऊन पाइपाच्या एकेका वळणाला शेकत होता. हात अगदीच कामातून गेले तेव्हा ते ऊन करायला तो वर आला आणि दारातच थबकला. आत चक्क उन्हाळा होता. टेबलाखाली विजेचा नवाकोरा हीटर लालभडक पेटलेला.

"हे काय गं? हा कुठून आणलास?"

"दुकानातून. परवा."

"धन्य आहे तुझी. मी तिकडे खाली बर्फात लोळतोय आणि तू इथं खोली भाजून काढतेयस. अगं, खोली अशी तापली की गॅसच्या हीटरला वाटतं, झालं आपलं काम. तो गप बसतो. आणि पाइपांना ऊब मिळते ती त्याच्याच हवेची, आपल्या पायांखालून जाते ती. आपण वर स्वेटर घालून कुडकुडायचं, तेव्हा कुठे खाली पाणी वाहतं. पहिल्याच वर्षी गसनं मला शिकवलंय हे. त्याच्यासोबत इथं अकरा हिवाळे काढून तुला कळू नये?"

हिल्मा कॉफी ढवळत राहिली. आर्नीनं विजेचा हीटर बंद केला, गॅसचा वाढवला, आणि पुटपुटत पुन्हा खाली गेला.

दहाला पाच कमी असताना नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला. आर्नी वर आला. त्याला आनंद झाला असणारच, पण अंग इतकं बधिर होतं की तो आनंद कुठे पोचलाच नाही.

"जिंकलीस," तो म्हणाला. "करीनला काही सांगू नकोस. माझ्याही तोंडून निघायचं नाही."

हिल्मा वाहत्या पाण्याकडे बघत होती.

"गसला ते कुणी शिकवलं, माहितीये?"

"कुणी?"

"मी. माझे वडील रस्त्याच्या कामावर असायचे. माझं सगळं लहानपण असल्याच गाडीत गेलं."

आर्नीनं टेबलाखालच्या हीटरकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बोटांत आता कळ यायला लागली होती.

"म्हणजे तू मुद्दाम..."

"मला इथं राहवत नाही रे. गस गेल्यापासून काही वाटतच नाही मला. ना भूक, ना थंडी. कधी कधी दुपारपर्यंत तशीच बसून असते. पण एवढी छाती ठोकून बोलून बसले सगळ्यांदेखत. आता पोरीला 'मला ने' म्हणायला जीभ रेटत नाही. नळानंच सांगितलं असतं तर सुटले असते."

फोन वाजला. हिल्मानं हात पुढे केला नाही. चार-पाच वेळा वाजू दिल्यावर आर्नीनंच उचलला.

"आर्नी, तुम्ही? आई कुठाय? नळ ठीक आहे ना?"

आर्नीनं वाहत्या नळाकडे पाहिलं. 'वाहतोय' एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. हिल्मा शब्दाची पक्की होती, पुढचं काही न बोलता तिनं वसंतापर्यंत इथं दिवस काढले असते, आणि रोज सकाळी त्याच्या चौकशीला उत्तर दिलं असतं.

"पाइप फुटलाय, करीन," तो म्हणाला. "माझ्या हातून होण्यासारखं काम नाही. उद्याच ये तू."

हिल्मा उठली, आणि पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून तिनं नळ हळूच बंद केला.